औटकी ते आठाणे

१ एप्रिल १९५७ला रुपयाचे सोळा आणे गेले आणि शंभर नवे पैसे आले. ऑक्टोबर १९५८पासून शेराच्या जागी किलो येऊ लागला आणि १९६२मध्ये तो कायद्याने सक्तीचा झाला. हिशेब सोपा झाला, यात वाद नाही. पण त्या पाच वर्षांत मराठीतल्या कितीतरी शब्दांचं रोजचं काम सुटलं.

नाण्यांचे शब्द सर्वांना दिसत होते, म्हणून त्यांचं जाणं लक्षात राहिलं. चवली दोन आण्यांची, पावली चारांची, अधेली आठांची. पावलीत संस्कृत ‘पाद’ आहे आणि अधेलीत ‘अर्ध’. ढब्बू पैसा म्हणजे दोन पैशांचं जाडजूड नाणं. युद्धकाळात धातू वाचवायला निघालेला भोकाचा पैसा १९४३चा. ‘नव्या पैशा’तला ‘नवा’ १९६४मध्ये गळाला. चाराणे आणि आठाणे मात्र टिकले, कारण पंचवीस आणि पन्नास पैसे त्यांच्या मापात नेमके बसले. आण्याचं नाणं नाहीसं झाल्यावरही दोन पिढ्या ‘चाराणे द्या’ म्हणत राहिल्या. ३० जून २०११नंतर पंचवीस पैशांचं नाणं चलनातून बाद झालं.

त्याहून मोठी गोष्ट शाळेत घडली आणि तिची फारशी चर्चा झाली नाही. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही घोकून घेत. ही पाठांतराची हौस नव्हती. चाळीस शेरांचा मण आणि सोळा आण्यांचा रुपया असताना अपूर्णांक तोंडावर नसेल, तर दुकानात उभं राहता येत नसे. वाण्याची एक रीत पाहा: मण जितक्या रुपयांना, अडीच शेर तितक्याच आण्यांना. गूळ मणाला अठरा रुपये, तर अडीच शेर अठरा आण्यांना, म्हणजे एक रुपया दोन आण्यांना. कागद नाही, पेन्सिल नाही. चाळिसाचा सोळावा भाग अडीच, एवढ्यावर सगळं चालतं. दशमान पद्धत आली आणि या हुशारीची गरजच संपली.

या पाढ्यांतला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो औट. औट म्हणजे साडेतीन. संस्कृत ‘अर्धचतुर्थ’, प्राकृत ‘अद्धुट्ठ’, मराठी ‘औट’. चौथा अर्धा, म्हणजे तीन पूर्ण झाले आणि चौथ्यातला अर्धाच आहे. अडीचही याच रीतीचा: ‘अर्धतृतीय’, तिसरा अर्धा. दीडही तसाच, दुसरा अर्धा. पुढच्या पूर्ण संख्येकडे बघत मोजायची ही जुनी भारतीय तऱ्हा आहे. दीड आणि अडीच आपण दिवसातून दहादा वापरतो. त्यांचा सख्खा भाऊ मात्र गेला आणि त्याच्या जागी ‘साडेतीन’ बसला. संतवाङ्मयात देह औट हातांचा आहे, ओंकाराच्या औट मात्रा आहेत. आजच्या वर्तमानपत्रात औट भेटतो तो एकाच ठिकाणी, एखादं सरकार लवकर कोसळलं की. औटघटकेचं राज्य म्हणजे साडेतीन घटकांचं राज्य. घटका चोवीस मिनिटांची, तेव्हा सारं मिळून चौऱ्याऐंशी मिनिटं. लिहिणाऱ्याला हे ठाऊक असेल तर शब्दाला धार येते. एरवी ‘औट’ म्हणजे इंग्रजी ‘आऊट’ असं समजणारेही भेटतात, आणि तेव्हा खरंच वाईट वाटतं.

धान्याच्या मापांचं घर याहून मोठं होतं. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण (वजनाच्या चाळीस शेरांच्या मणाहून वेगळा), वीस मणांची खंडी. गावोगाव थोडा फरक, पण पायलीपर्यंत दुपटीची रीत तीच. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत, आणि मग दोन, तीन. नवी सून उंबरठ्यावर माप ओलांडते ते याच मापांपैकी. आज तिथे बहुधा सजवलेला कलश असतो. भाषेत ‘पायलीला पन्नास’ आणि ‘खंडीभर’ एवढं उरलं आहे.

काही शब्द वजन बदलून जगले. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅम होता, म्हणजे पावशेर २३३. आज भाजीवाली पावशेर म्हणून २५० ग्रॅम घालते. सोन्याचा तोळा ११.६६ ग्रॅमवरून दहावर आला. नवटाक, म्हणजे नऊ टांक, शेराचा आठवा भाग. मुंबईत तो दारूच्या मापापुरता राहिला. आणि आणेवारी! सरकारी कागदावर ती केव्हाच पैसेवारी झाली, पण पीक बुडालं की शेतकरी आजही ‘आणेवारी पन्नास पैशांच्या आत लावा’ म्हणूनच मागणी करतो. एकाच वाक्यात आणा आणि पैसा दोन्ही, आणि कुणालाच अडचण नाही.

मोल्सवर्थच्या कोशात आणि दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त हे शब्द अर्थासकट आहेत, ते हरवणार नाहीत. औटकी म्हणण्याचा ठेका मात्र कोशात मावत नाही. १९५७पूर्वी ती शाळेत शिकलेली माणसं आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. ज्यांच्या घरी असे आजी-आजोबा आहेत, त्यांनी ती त्यांच्याकडून म्हणवून फोनवर रेकॉर्ड करून घ्यावी, पावकीपासून औटकीपर्यंत, सलग.