नैरोबीचे गोंयकार : पिओ गामा पिंटो

गोव्यातली कितीतरी माणसे पोटापाण्यासाठी पूर्व आफ्रिकेत गेली. सरकारी कचेरीत कारकुनी करायची आणि पेन्शन घेऊन गावी परतायचे, असा रिवाजच होता. पिओ गामा पिंटो अशाच एका घरातले.

31 मार्च 1927 रोजी त्यांचा जन्म नैरोबीत झाला. वडिलांनी लहानपणीच शिक्षणासाठी गोव्याला पाठवले. पुढे ते धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकले. मुंबईत टपाल-तार खात्यात असताना संपात उतरले आणि गोव्याच्या मुक्तीसाठीही झटू लागले. अटकेची चिन्हे दिसताच 1949 मध्ये केनियाला परतले.

तिथे इंग्रजांचे राज्य होते. वर गोरे, मध्ये हिंदी, तळाशी आफ्रिकन. मधल्या पायरीवर गप्प बसले, तर संसार सुखाचा व्हायचा. पिंटो मात्र स्वाहिली शिकले आणि कामगार संघटनांच्या कामाला लागले. 1950 मध्ये कामगार नेते मखन सिंग यांना सरकारने स्थानबद्ध केले, तरी पिंटोंनी काम सोडले नाही. माऊ माऊ उठावात त्यांनी लढणाऱ्यांना गुपचूप मदत पुरवली, पकडलेल्यांच्या बायकामुलांची विचारपूस केली.

जानेवारी 1954 मध्ये एमा यांच्याशी लग्न झाले आणि जूनमध्ये पिंटोंना अटक झाली. मांडा बेटावरची कैद आणि नंतर काबार्नेटची नजरकैद 1959 मध्ये संपली. सुटताच ते 'कानू' पक्षाच्या कामात बुडाले. नेहरूंच्या मदतीने पक्षाच्या विचारांची वर्तमानपत्रे उभी केली.

डिसेंबर 1963 मध्ये केनिया स्वतंत्र झाला. पुढच्या वर्षी पिंटो खासदार झाले. गोऱ्यांची शेते आता नव्या सत्ताधाऱ्यांच्या हाती जाऊ लागली होती. जमीन भूमिहीनांना मिळाली पाहिजे, हा हट्ट पिंटोंनी सोडला नाही. काल खांद्याला खांदा लावून लढलेले काही जण आज त्यामुळेच दुरावले.

24 फेब्रुवारी 1965 ला सकाळी घराच्या फाटकापाशीच त्यांना गोळ्या घातल्या. धाकटी मुलगी गाडीत होती. वय अवघे सदतीस. एका तरुणाला शिक्षा झाली. तो पस्तीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला आणि आपण निर्दोष असल्याचेच सांगत राहिला. सूत्रधार कधीच उजेडात आला नाही.

2008 मध्ये केनियाने त्यांचे टपाल तिकीट काढले. 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न आपल्यालाही पिढ्यान्पिढ्या विचारला जातो. पिंटोंनी त्याचे उत्तर आपल्या कामातून दिले: ज्यांच्या शेजारी राहतो, त्यांच्यातलाच.