बॉलरूम नृत्यातील पदन्यास

बॉलरूम नृत्यातील पदन्यास म्हणजे जोडीने केल्या जाणाऱ्या या नृत्यप्रकारांत प्रत्येक पावलाच्या वेळी तळपायाचा कोणता भाग, कोणत्या क्रमाने जमिनीला टेकतो, याची पद्धत होय. कथकातील पदाघाताप्रमाणे येथे सहसा पायांनी नाद काढायचा नसतो. जमिनीला रेटा देऊन शरीर पुढे नेणे, तोल सांभाळणे आणि वजन अलगद दुसऱ्या पायावर उतरवणे, हे या पदन्यासाचे प्रयोजन असते.

नोंदीची पद्धत

ब्रिटनमधील इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग या संस्थेने १९२४ मध्ये बॉलरूम नृत्याची शाखा स्थापन केली. त्यानंतर या नृत्यांतील पावलांना निश्चित स्वरूप येत गेले. शिक्षकांच्या पाठ्यपुस्तकांत प्रत्येक पावलासाठी टाच, बोटे, चवडा, पूर्ण तळवा, आतली कड, बाहेरची कड अशा संज्ञा योजतात. ‘टाच-बोटे’ या नोंदीचा अर्थ पाऊल प्रथम टाचेवर टेकते व वजन पुढे सरकते, असा होतो. ‘बोटे-टाच’ हा त्याचा उलट क्रम होय. वॉल्ट्झसारख्या नृत्यांच्या नोंदीत ‘बोटे’ या संज्ञेत चवडाही गृहीत धरलेला असतो.

आधाराच्या पायाचे कार्य

नवशिक्यांचे लक्ष पुढे जाणाऱ्या पायाकडे असते. गती मात्र आधाराच्या पायातून निर्माण होते. या पायाने जमिनीला मागे रेटले, की न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार जमिनीची प्रतिक्रिया शरीराला पुढे ढकलते. त्यासाठी घोटा व गुडघा आधी किंचित वाकवावे लागतात. पुढे टाकायचा पाय उंच न उचलता जमिनीलगत सरकवतात. पावलाच्या मध्यावर वजन पुढील पायाची टाच व मागील पायाचा चवडा यांवर विभागलेले असते. शरीर मागे ठेवून नुसता पाय पुढे टाकला, तर जोडीदाराला हालचालीची सूचना वेळेवर मिळत नाही आणि त्याचा पाय तुडवला जातो. म्हणूनच पाय तुडवला जाण्याचे कारण बहुधा पुढच्या पायात नसून मागच्या पायाच्या अपुऱ्या रेट्यात असते.

चढ-उतार

वॉल्ट्झचा ताल तीन मात्रांचा आहे. उजव्या बाजूच्या वळणात पुढे जाणारा नर्तक पहिले पाऊल टाचेवर टेकतो, त्याच पावलाच्या अखेरीस उंचावू लागतो, दुसरे पाऊल चवड्यावर टाकतो आणि तिसऱ्याच्या शेवटी टाच टेकवून खाली येतो. मागे जाणाऱ्या जोडीदाराची आधाराची टाच पहिल्या पावलाअखेर जमिनीवरच राहते; उंची पाय व शरीर ताणल्याने मिळते. खाली उतरणे हे घोटा व गुडघ्याच्या नियंत्रणाने व्हावे लागते. अन्यथा पाऊल आपटते आणि पुढील रेट्याची तयारी होत नाही.

नृत्यप्रकारांनुसार भेद

टँगोमध्ये असा चढ-उतार नसतो. गुडघे वाकलेले राहतात आणि पाय सरकवण्याऐवजी किंचित उचलून ठेवले जातात. रुंबा व चा-चा-चा या लॅटिन नृत्यांत पाऊल प्रथम चवड्यावर टेकून मग पूर्ण तळव्यावर येते. बोटे थोडी बाहेर वळलेली असतात. आधाराचा गुडघा सरळ होताना जमिनीवर पडणाऱ्या दाबातून कमरेची हालचाल उमटते; ती कमरेने वेगळी करायची नसते.

पादत्राणे व नृत्यभूमी

नृत्याच्या बुटांचा तळ बहुधा लव असलेल्या मऊ चामड्याचा असतो. तो गुळगुळीत झाल्यास तारेच्या ब्रशने खरवडतात. जमीन अति निसरडी असल्यास रेटा वाया जातो. ती अति घट्ट पकडणारी असल्यास शरीर वळते, पण पाऊल अडकून राहते आणि गुडघ्याला पीळ बसतो. म्हणून घसरण व पकड यांचा समतोल आवश्यक ठरतो. नृत्यासाठी लाकडी व किंचित लवचीक जमीन उत्तम मानली जाते. इंग्लंडमधील ब्लॅकपूल टॉवर येथील १८९९ च्या नृत्यगृहाची जमीन महोगनी, ओक व अक्रोड यांच्या ३०,६०२ लाकडी ठोकळ्यांची आहे. त्याच शहरातील विंटर गार्डन्समध्ये १९२० पासून ब्लॅकपूल नृत्यमहोत्सव भरतो.