बिकफर्डची वात

खडक दाबाला सहसा दाद देत नाही, पण ताण पडला की तडकतो. सुरुंगाचे सारे शास्त्र या गुणावर उभे आहे. भोकातल्या स्फोटकाचा क्षणात वायू होतो, तो वाट शोधतो आणि खडक आपल्या मोकळ्या बाजूकडे फुटतो. भोकाचे तोंड माती-रेतीने घट्ट ठासलेले नसेल, तर जोर तोंडातून वाया जातो आणि दगड भलतीकडे उडतात. काळी दारू जळते; तिची ज्वाला सेकंदाला फार तर काही शे मीटर सरकते. डायनामाइटमधून आघाताची लाट जाते, सेकंदाला काही हजार मीटर वेगाने. नवख्याला एवढी ओळख पुरे. त्याने अधिक लक्ष द्यायचे ते ठासण्याच्या आणि पेटवण्याच्या वेळेकडे, कारण त्या वेळी माणूस भोकाच्या अगदी जवळ असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या तांबे-कथलाच्या खाणींत हे काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. कामगार भोकात दारू ओती, त्यात एक लांब बारीक सळई उभी करी आणि सळईभोवती माती-खडीचा चुरा पहारीने ठोकून बसवी. मग सळई हलकेच उपसायची. राहिलेल्या अरुंद वाटेत दारू भरलेली पोकळ काडी किंवा हंसाच्या पिसाची नळी सरकवायची, तिच्या टोकाला धुमसणारा कागद लावायचा आणि पळायचे. सळई लोखंडी असेल तर उपसताना गारगोटीवर घासून ठिणगी पडे आणि तोंडाशी वाकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर सुरुंग उडे. काडी ओलसर असेल तर आग रेंगाळे. कामगाराला वाटे, विझली. तो पाहायला परत येई. काडी किती वेळ जळेल हे कुणालाच सांगता येत नसे. तांब्याच्या सळया वापरात आल्या होत्या, पण त्या महाग आणि लवकर वाकणाऱ्या.

यावर उपाय काढणारा विल्यम बिकफर्ड खाणीतला नव्हता. त्याचा धंदा चामड्याचा. तो कॅम्बोर्नजवळच्या टकिंगमिल या खेड्यात राहत होता आणि भोवतालच्या घरांतले आंधळे, थोटे झालेले कामगार रोज पाहत होता. आधी केलेला एक प्रयोग फसला. पुढे जेम्स ब्रे या ओळखीच्या दोरखंडवाल्याकडे दोर वळण्याचे काम पाहताना त्याला वाट सापडली. पीळ बसत असतानाच मधोमध दारूची बारीक अखंड धार सोडायची, वरून उलट पिळाचे दुसरे वेटोळे द्यायचे आणि दोराला डांबर फासायचे. डांबरामुळे पाणी आत शिरत नाही, आणि दारू सर्वत्र सारखी असल्याने आग सारख्या चालीने जाते: फुटाला साधारण ३० सेकंद. लांबी मोजून कापली की पळायला किती वेळ आहे ते आधीच कळते. १८३१ साली त्याला पेटंट मिळाले. थॉमस डेव्ही हा खाणकामगार या धंद्यात त्याचा भागीदार झाला. पहिल्या वर्षी कारखान्यात ४५ मैल वात निघाली. १८३४ साली बिकफर्ड वारला. आपल्या वातीचा जगभर झालेला प्रसार त्याने पाहिला नाही.

त्याच्यामागे भागीदारांना पेटंटासाठी कोर्टात उभे राहावे लागले. १८४१ च्या ‘बिकफर्ड विरुद्ध स्क्यूज’ या खटल्यात प्रतिवादीचा आक्षेप पेटंटाच्या मजकुरावर होता. दोराच्या गाभ्यात बंदुकीची दारू ‘किंवा दुसरा योग्य ज्वलनशील पदार्थ’ असावा, असे बिकफर्डने लिहिले होते, पण तो दुसरा पदार्थ कोणता हे सांगितले नव्हते. एवढ्यावरून पेटंट बाद ठरावे, अशी मागणी होती. न्यायालयाने ती मानली नाही, आणि ते योग्यच झाले. दारूची वात कशी करायची हे त्या मजकुरात स्वच्छ होते, आणि खाणीत जीव वाचत होते ते त्याच वातीने.

इतिहासाची पुस्तके आल्फ्रेड नोबेलला पानेच्या पाने देतात आणि बिकफर्डला जेमतेम एक ओळ. हे प्रमाण अन्यायाचे आहे. नोबेलच्या डायनामाइटमधले नायट्रोग्लिसरीन नुसत्या ज्वालेने भरवशाने उडत नाही. त्याला आघात लागतो. त्यासाठी नोबेलने १८६० च्या दशकात स्फोटक टोपी आणली, आपल्याकडचा ‘टोटा’. पण टोपीपर्यंत आग नेणारी होती ती बिकफर्डचीच वात. धोकाही नवा आला. टोपी वातीवर घट्ट दाबायला खास पक्कड असताना ती दातांनी चावून बसवण्याची खोड अनेक देशांतल्या खाणकामगारांना लागली, आणि त्यात कित्येकांचे जबडे गेले.

कायदे मागाहून आले. १८७२ च्या ब्रिटिश खाणकायद्यांनी लोखंडी सळई बंद केली, म्हणजे वात निघाल्यावर एकेचाळीस वर्षांनी. भारतात १८८४ चा स्फोटक कायदा झाला. आज स्फोटकांचे परवाने देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे, तर खाणींतल्या सुरुंगांवर धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची नजर असते.

पेटवण्याच्या तऱ्हा पुढे बदलत गेल्या. विजेच्या टोप्यांनी माणूस लांब गेला, पण कडाडणारी वीज आणि भरकटलेला प्रवाह यांची धास्ती आली. त्यावर स्वीडनमध्ये पोकळ प्लास्टिकची नळी निघाली. तिच्या आतल्या भुकटीच्या थरावरून सेकंदाला सुमारे दोन हजार मीटर वेगाने लाट जाते आणि वीज लागत नाही. इलेक्ट्रॉनिक टोप्यांत प्रत्येक भोकाची वेळ मिलिसेकंदांत ठरते.

न उडालेल्या सुरुंगाचा प्रश्न मात्र यातल्या कशानेही पुरता सुटलेला नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात विहीर खोदणाऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे. म्हणून ब्लास्टरने बार मोजायचे असतात: दहा लावले आणि नऊच ऐकू आले, तर दहावा जिवंत आहे असे धरूनच चालायचे. वातीचा सुरुंग हुकल्यास भारतीय खाण विनियमांप्रमाणे निदान ३० मिनिटे तिकडे फिरकायचे नाही. भरलेली दारू उकरून काढायची नाही आणि जुन्या भोकाच्या बुडात पुन्हा छिद्र पाडायचे नाही. पुरेसे अंतर राखून समांतर नवे भोक घ्यायचे, ते उडवायचे आणि मग ढिगाऱ्यात न फुटलेली कांडी व टोटा हाताने, बारकाईने शोधायचा. तो सापडेपर्यंत दुसऱ्या पाळीला आत सोडायचे नाही.