जुनी वंशावळ, नवे सॉफ्टवेअर
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

'नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये' अशी आपल्याकडे म्हण आहे. तरीही स्वतःचे कूळ शोधण्याची माणसाची ओढ काही सुटलेली नाही. त्र्यंबकेश्वरी किंवा पंढरपुरी गेलेला यात्रेकरू तीर्थोपाध्यायाच्या वहीत पणजोबांचे नाव पाहून हरखून जातो. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात हेळवी दारी येऊन घराण्याच्या पिढ्या सांगत. पुढे या वह्यांच्या जोडीला संगणक आला आणि हौशी मंडळींनी आपापली वंशावळ त्यात भरून ठेवली. आता ते संगणक जुने झाले. त्यांतील सॉफ्टवेअरही जुने झाले. मग ही वंशावळ नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची कशी? तंत्रज्ञान न शिकलेल्या माणसाने हे काम बिनधोक कसे करावे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वंशावळ म्हणजे रिकामपणाचा छंद, असे कोणी समजू नये. आपल्यापैकी अनेकांना जात-पडताळणीच्या अर्जासोबत शपथपत्रावर वंशावळ द्यावी लागते. इतर मागास वर्गाच्या अर्जदाराला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, एखादे मोडीतले खत, असे कागद मिळवायला चपला झिजवाव्या लागतात. कोणते नाव कोणत्या दप्तराच्या कोणत्या पानावर सापडले, ही टीप म्हणूनच नावाइतकीच मोलाची असते. सॉफ्टवेअर बदलताना नावे सहसा जात नाहीत. गळतात त्या या टिपा आणि हे पुरावे. माझ्या मते या विषयातील खरी मेख येथेच आहे.

आता थोडा इतिहास पाहू. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील मॉर्मन चर्चने १९८४ च्या सुमारास 'पर्सनल अँसेस्ट्रल फाइल' हे वंशावळीचे सॉफ्टवेअर काढले. 'पाफ' या नावाने ते जगभर पसरले. पुढे ते विनामूल्य मिळू लागल्याने घरोघरी वापरले गेले. १५ जुलै २०१३ रोजी ते अधिकृतपणे बंद करण्यात आले. 'द मास्टर जिनिऑलॉजिस्ट' हे अभ्यासकांचे आवडते सॉफ्टवेअरही २०१४ मध्ये थांबले. 'फॅमिली ट्री मेकर' बंद होणार, अशी घोषणा डिसेंबर २०१५ मध्ये झाली आणि वापरणाऱ्यांत एकच खळबळ उडाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये दुसऱ्या कंपनीने ते घेतले म्हणून ते वाचले. तात्पर्य, सॉफ्टवेअर अमरपट्टा घेऊन येत नाही. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधारही संपला, त्यामुळे पुष्कळ घरांत संगणकच बदलण्याची वेळ आली आहे.

आरंभी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. सॉफ्टवेअर वेगळे आणि आपली माहिती वेगळी. सॉफ्टवेअर हे कपाट होय, माहिती हे त्यातील दप्तर. कपाट बाजारात पुन्हा मिळेल, दप्तर मिळणार नाही. म्हणून पहिले काम म्हणजे आपले दप्तर संगणकात नेमके कोठे आहे, हे शोधणे. पाफची फाइल नावाच्या शेवटी 'पीएएफ' ही अक्षरे लावते. 'रूट्समॅजिक'च्या ४ ते ७ या आवृत्त्या 'आरएमजीसी' लावत, तर २०२१ च्या आठव्या आवृत्तीपासून 'आरएमट्री' लागते. सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि फाइलचा ठिकाणा एका कागदावर लिहून ठेवावा. पुढे कोणाची मदत घ्यायची झाल्यास हा कागद फार उपयोगी पडतो.

दुसरे काम प्रती काढण्याचे. सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून फाइलच्या दोन प्रती कराव्यात. एक पेन ड्राइव्हवर घरी ठेवावी, दुसरी एखाद्या नातेवाइकाच्या घरी. छायाचित्रांकडे येथे विशेष लक्ष द्यावे. बहुतेक सॉफ्टवेअर छायाचित्र आपल्या पोटात साठवीत नाही. ते अमुक फोल्डरमध्ये आहे, एवढा पत्ताच ते लिहून ठेवते. फाइल नेली आणि छायाचित्रांचा फोल्डर मागे राहिला, तर नव्या ठिकाणी रिकाम्या चौकटी दिसतात. दाखल्यांची छायाचित्रेही याच फोल्डरमध्ये असतात, हे सांगायला नकोच.

तिसरे काम म्हणजे ताळा करण्याची पूर्वतयारी. गणितात बेरीज झाल्यावर आपण ताळा पाहतो. येथे ताळ्याचे आकडे आधीच लिहून ठेवायचे असतात. एकूण व्यक्ती किती, कुटुंबे किती, छायाचित्रे किती, सर्वांत जुना पुरुष कोण, हे जुन्या सॉफ्टवेअरमधून टिपून घ्यावे. शिवाय दहा अवघड माणसे निवडून त्यांची पाने कागदावर छापून घ्यावीत. अवघड म्हणजे ज्यांच्या नोंदीत गुंतागुंत आहे अशी: दोन विवाह झालेले पणजोबा, दत्तक गेलेला मुलगा, माहेरचे आणि सासरचे अशी दोन नावे असलेली आजी, जिच्या जन्माची तारीख केवळ शकात ठाऊक आहे अशी पणजी. साधी नोंद कोणतेही सॉफ्टवेअर नीट नेते. परीक्षा होते ती या मंडळींची.

यानंतर प्रत्यक्ष स्थलांतर. नवे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे आणि जुने काढून न टाकता शेजारी बसवावे. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हा शहाणपणा येथे तंतोतंत लागू पडतो. नव्यात नेहमी प्रत उघडावी, मूळ फाइल कधीही नाही. कारण पुष्कळदा नवी आवृत्ती जुनी फाइल आपल्या पद्धतीने बदलून घेते, आणि ती मग जुन्या आवृत्तीत उघडत नाही. 'ग्राम्प्स' हे २००१ पासून चालत आलेले मुक्त व विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. त्याची नवी आवृत्ती जुनी वंशावळ उघडताना 'रूपांतर करू का?' असे विचारते. या प्रश्नाला घाईने होकार देऊ नये. आधी जुन्या आवृत्तीतून छायाचित्रांसह एकत्र गठ्ठा काढून घ्यावा. तशी सोय त्यात आहे.

एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जायचे असेल, तर मधला दुभाषी लागतो. त्याचे नाव 'जेडकॉम'. तोही सॉल्ट लेक सिटीचाच, १९८४ चा. त्याची ५.५.१ ही आवृत्ती वर्षानुवर्षे चालत आली. २०२१ मध्ये ७.० ही आवृत्ती आली. ही साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. पहिल्या ओळीत शून्य आणि 'हेड' हा शब्द असतो, शेवटच्या ओळीत शून्य आणि 'टी-आर-एल-आर' ही अक्षरे असतात. शेवटची ओळ दिसली नाही, तर फाइल अर्धवट उतरली असे समजावे. एवढी तपासणी कोणालाही जमेल.

मात्र दुभाषा सगळेच सांगतो असे नाही. एखाद्या सॉफ्टवेअरची खास सोय दुसऱ्यात नसेल, तर तेवढा भाग गळतो. नव्या सॉफ्टवेअरला जुनी फाइल थेट वाचता येत असेल, तर तो मार्ग आधी घ्यावा. रूट्समॅजिक आणि लेगसी ही सॉफ्टवेअर पाफची फाइल थेट घेऊ शकतात, ग्राम्प्सला मात्र जेडकॉम लागते. जेडकॉम काढताना दोन खुणा तपासाव्यात. 'हयात व्यक्ती वगळा' ही खूण लागलेली असेल, तर तुमचे आईवडीलच वंशावळीतून नाहीसे होतील! वंशावळ परक्याला देताना ती खूण अवश्य लावावी, घर बदलताना नाही. दुसरी खूण अक्षरांची. तेथे 'यूटीएफ-८' निवडावे, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते.

मराठी माणसाच्या वाट्याला आणखी दोन अडचणी येतात. एक लिपीची. युनिकोड रूढ होण्यापूर्वी अनेकांनी विशिष्ट फॉन्ट बसवून मराठी मजकूर लिहिला. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या मजकुराची निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. अशा वेळी जुन्या संगणकावरच तो मजकूर कागदावर छापून घ्यावा, फॉन्टची फाइलही जपून ठेवावी आणि मग परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा. जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासावेत, कारण परिवर्तक तेथेच अडखळतो. दुसरी अडचण कालगणनेची. जेडकॉम ५.५.१ मध्ये ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू आणि फ्रेंच क्रांतीच्या पंचांगाची सोय आहे, शालिवाहन शकाची नाही. शके १८१९ हा आकडा तसाच वर्षाच्या चौकटीत राहिला, तर सॉफ्टवेअर त्याला इसवी सन समजते आणि पणजी ७८ वर्षांनी थोरली होते. म्हणून सन १८९७-९८ असे लिहून मूळ शक व तिथी टिपेत ठेवावी.

आमच्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आण्णांनी, टपालाची नोकरी सांभाळून ४१२ माणसांची वंशावळ पाफमध्ये भरली होती. घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, म्हणून ती हलवण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. कॉलेजात जाणाऱ्याला सर्व काही येते, अशी घरच्यांची समजूत! वर सांगितलेल्या क्रमाने दिवाळीच्या सुट्टीत मी ती ग्राम्प्समध्ये नेली. व्यक्तींचा आकडा ४१२ च आला. तरी दहा अवघड माणसांची पाने आण्णांसमोर ठेवली, तेव्हा चष्मा पुसत ते म्हणाले, "अगं, हे तर दत्तक गेलेले. इथं ते सख्खे दिसतायत." दत्तकाची खूण वाटेत गळली होती. जुनी फाइल शाबूत असल्यामुळे दुरुस्ती तासाभरात झाली. पण ती चूक संगणकाला कधीच सापडली नसती. त्याच्या लेखी ४१२ म्हणजे ४१२.

यावरून एक गोष्ट मला पटली. या कामात तंत्र जाणणारा माणूस मदतनीस असतो. खरा परीक्षक असतो तो घराणे जाणणारा. कोणती आजी कोणत्या गावची, कोणत्या घरात दत्तकविधान झाले, कोणत्या मुलीचे नाव कागदावर कधी आलेच नाही, हे कोणताही अभियंता सांगू शकणार नाही. म्हणून 'मला संगणकातले कळत नाही' असे म्हणून वडीलधाऱ्यांनी या कामातून अंग काढून घेऊ नये, आणि आपणही त्यांना बाजूला बसवू नये. पोथी उतरवून झाली की ती मूळ प्रतीशी ताडून पाहावी लागते. त्यासाठी एकाने वाचावे आणि दुसऱ्याने पाहावे, हेच बरे.

ताळा जुळल्यावरही जुना संगणक लगेच भंगारात घालू नये. वर्षभर जुने आणि नवे दोन्ही ठेवावे. वर्षातून एकदा नवी जेडकॉम काढावी आणि संपूर्ण वंशावळ एकदा चांगल्या कागदावर छापून घ्यावी, कारण कागदाला आवृत्ती लागत नाही. हयात माणसांच्या जन्मतारखा व पत्ते विनाकारण इंटरनेटवर टाकू नयेत, हेही पथ्य पाळावे.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असा एखादा जुना संगणक धूळ खात पडला असेल आणि त्यात कोणा आजोबांचे, काकांचे कष्ट साठलेले असतील. येत्या सुट्टीत तो उघडून पाहा. फाइल हलवण्याचे काम चार दिवसांचे आहे, ते पुढेही करता येईल. पण ती वाचून 'हे बरोबर, हे चूक' असे सांगणारी माणसे आज घरात आहेत, तोवरच हा ताळा होऊ शकतो.