एका इंग्रजी प्रत्ययाचा प्रताप

गेल्या चातुर्मासात एके सायंकाळी आमचा नातू इंग्रजीचे पुस्तक घेऊन मजजवळ आला आणि म्हणाला, “आजोबा, ‘चाइल्डिश’ म्हणजे बालिश. शेवटी ‘इश’ दोहोंतही आहे. मग आपला ‘बालिश’ शब्द इंग्रजांकडून आला की काय?” मला हसू आले, पण मुलाच्या कानाचे कौतुकही वाटले. ‘बालिश’ हा जुना संस्कृत शब्द; ‘इश’ हा प्रत्यय प्राचीन इंग्रजीपासून त्या भाषेत चालत आलेला. नुसत्या रूपसाम्यावरून त्यांची सोयरीक जुळविणे म्हणजे आडनाव एक म्हणून गोत्रही एक मानण्यासारखेच होय. परंतु त्या निमित्ताने या चिमुकल्या प्रत्ययाचा प्रताप सुज्ञ वाचकांपुढे मांडावा, असे मनात आले.

या प्रत्ययाचे एक फार जुने काम लोकांच्या अथवा देशाच्या नावावरून विशेषण करण्याचे. इंग्लिश, डॅनिश, स्पॅनिश, टर्किश हे शब्द त्यातले. फ्रेंच, डच आणि वेल्श या शब्दांतही तोच प्रत्यय झिजून लपलेला आहे. येथे स्तुती नाही आणि निंदाही नाही. आपण ‘वऱ्हाडी’, ‘कोकणी’ म्हणतो, तितकाच साधा अर्थ.

तोच प्रत्यय मनुष्याच्या, प्राण्याच्या किंवा वस्तूच्या नावास लागला की त्याचा स्वभाव पालटतो. ‘बुकिश’ म्हणजे पुस्तकी, व्यवहारशून्य. ‘शीपिश’ म्हणजे मेंढरासारखा ओशाळवाणा. ‘सेल्फ’ म्हणजे स्वतः. परंतु ‘सेल्फिश’ म्हणजे आपमतलबी, आणि हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकातला. रंगाच्या नावास तो लागला, तर निंदा जाऊन सौम्यता येते : ‘ग्रीनिश’ म्हणजे हिरवट, ‘येलोइश’ म्हणजे पिवळसर. संख्येस लागला, तर ‘सुमारे’ असा अर्थ होतो. ‘फिफ्टिइश’ मनुष्य पन्नाशीच्या आसपासचा समजावा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर हा प्रत्यय शब्दाचा आधार सोडून एकटाच हिंडू लागला. ‘काम झाले का?’ या प्रश्नास ‘इश’ असे उत्तर आले, तर ते जवळजवळ झाले असे समजावे. आमच्या घरातील ‘इश्श’ मात्र निराळे. त्याचा अर्थ कोणत्याही कोशात पुरता सापडावयाचा नाही!

आता प्रश्न असा, की एकाच प्रत्ययात इतके अर्थ नांदतात कसे? संस्कृत शिकलेल्यास याचे नवल वाटू नये. पाणिनीने पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात एकच ‘क’ प्रत्यय कुत्सेसाठी, अल्पत्वासाठी आणि अनुकंपेसाठीही सांगितला आहे. ‘अश्वक’ म्हणजे भिकार घोडा. पण ‘पुत्रक’ म्हणजे लाडका बाळ. मराठीतील ‘ट’ पाहा : ‘हिरवट’मध्ये तो रंग फिका करतो, ‘पोरकट’मध्ये मनुष्याला हलका करतो. त्याच पादात ‘कल्प’ आणि ‘देशीय’ हे प्रत्यय ‘थोडेसे अपुरे’ या अर्थी दिले आहेत. ‘विद्वत्कल्प’ म्हणजे विद्वानाच्या जवळ पोहोचलेला, पण विद्वान नव्हे. माझ्या मते ‘इश’ची किल्ली येथे सापडते : जवळ, पण तेच नव्हे. हिरवट हे निखळ हिरवे नव्हे. ‘फिफ्टिइश’ ही नेमकी पन्नाशी नव्हे. आणि ‘चाइल्डिश’ मनुष्य मुलासारखा वागतो, पण तो मूल नव्हे. म्हणूनच तेथे दोष येतो. तीन वर्षांचे पोर रुसले, तर त्यास कोणी पोरकट म्हणून बोल लावीत नाही. पन्नाशीचे गृहस्थ पानावरून रुसून उठले, तर सारे घर तसे म्हणते. अर्थात योगापेक्षा रूढी बलवत्तर असते. ‘स्टायलिश’ हा शब्द स्तुतीचा आहे, आणि ‘बॉइश’ पुष्कळदा प्रेमानेच म्हणतात. ‘फिनिश’, ‘पनिश’ या क्रियापदांतील ‘इश’ तर फ्रेंच धातुरूपांतून आलेला; त्याचे कुळच वेगळे.

हे सारे ज्ञान मला वेळेवर सुचले असते, तर किती बरे झाले असते! नोकरीच्या आरंभीच्या काळात माझ्या वर्गात एक गरीब, हुशार आणि अत्यंत निष्कपट विद्यार्थी होता. शहरातील एका वसतिगृहात प्रवेश मिळावा म्हणून त्याने मजकडे शिफारसपत्र मागितले. मी मोठ्या हौसेने इंग्रजीत लिहिले आणि त्याचा सरळपणा वर्णिताना ‘चाइल्डलाइक’ या शब्दाच्या जागी ‘चाइल्डिश’ लिहून बसलो. पहिला शब्द बालकाच्या निर्मळपणाचा, दुसरा पोरकटपणाचा. मुलाला जागा मिळाली नाही. पत्र परत आले, तेव्हा त्या शब्दाखाली तांबड्या पेन्सिलीची रेघ होती. नकाराचे कारण तेवढेच होते की नाही, हे मला सांगता येत नाही. परंतु ती रेघ आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला जवळ बसवून मी माझी चूक सांगितली. तो म्हणाला, “असू द्या गुरुजी, आपण चांगल्याच मनाने लिहिले होते.” ‘चाइल्डलाइक’ शब्दाचा खरा अर्थ मला त्या दिवशी कळला. पुढील वर्षी मी नवे पत्र लिहिले, ते आधी एका जाणत्या सहकाऱ्यास दाखविले, आणि त्याला जागा मिळाली.

म्हणून घरोघरच्या वडीलधाऱ्यांस एवढेच सुचवावेसे वाटते, की मुलांकडून इंग्रजी शब्दांच्या नुसत्या याद्या घोकून घेऊ नका. प्रत्यय कोणता, तो कोणास लागला आणि लागल्यावर शब्दाचा मान वाढला की घटला, हे तीन प्रश्न विचारावयास शिकवा. आमच्या नातवाने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत. ‘बालिश’ शब्दाची शंका घेऊन येणारा तो मुलगा बालिश नाही, हे मी त्यास त्याच रात्री सांगून टाकले.