यंदा थंडी किती पडेल?

नांदेड-लातूरकडे बर्फ पडत नाही, पडतात त्या गारा, आणि त्याही बहुधा थंडी ओसरताना. फेब्रुवारी-मार्च 2014 च्या गारपिटीने मराठवाड्यातला काढणीला आलेला गहू-हरभरा आडवा केला होता. बर्फच नसल्यामुळे येथे हिवाळ्याचे भाकीत म्हणजे मुख्यतः रात्रीच्या किमान तापमानाचे भाकीत होय.

भारतीय हवामानशास्त्र विभाग हिवाळ्याचा अंदाज वर्तवताना प्रशांत महासागराकडेही पाहतो. विषुववृत्तीय प्रशांताचे पृष्ठजल सरासरीपेक्षा निदान अर्ध्या अंशाने थंड होऊन काही महिने तसेच राहिले, तर त्या स्थितीला 'ला निना' म्हणतात, आणि अशा वर्षी उत्तर भारतात कडाक्याच्या थंडीची शक्यता वाढते. शक्यताच, हमी नव्हे. मराठवाड्यात थंडी उतरते पश्चिमी विक्षोभांच्या मागून, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वातप्रणाली हिमालयात हिमवृष्टी करून पुढे सरकल्यावर वाहणाऱ्या कोरड्या उत्तरी वाऱ्यांबरोबर.

उरलेले काम आकाश करते. निरभ्र, कोरड्या रात्री जमिनीची उष्णता अवकाशात निसटते, यालाच उत्सर्जनी शीतलन म्हणतात. त्यातच वारा पडला, की गार आणि म्हणून जड झालेली हवा उतारावरून सखल भागात साचते, आणि ओढ्याकाठचा हरभरा पहाटे दवाने गच्च भिजलेला असताना माळावरचे रान तुलनेने उबदार लागते. उलट बंगालच्या उपसागरात एखादे चक्रीवादळ उठले, की ढग दाटून ऐन मार्गशीर्षातही पारा चढतो. मैदानी भागात किमान तापमान 10 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गेले आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असले, तर ती थंडीची लाट ठरते. ती नेमक्या कोणत्या तारखेला येईल, हे महिनाभर आधीही सांगता येत नाही. शेकोटीभोवतीचे अंदाज त्या मानाने फारच ठाम असतात.