चार चाकांच्या गाडीला किक का? : सेल्फ, अल्टरनेटर आणि बॅटरीचा हिशेब



दहावीच्या 'विद्युतधारेचे परिणाम' या पाठात विद्युत चलित्र आणि विद्युत जनित्र अशा दोन आकृत्या आहेत. मुलं त्या सुबक काढतात, नावं देतात, गुणही मिळवतात. पण "या दोन्ही वस्तू एकत्र कुठे पाहिल्या?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो. खरं तर शाळेसमोरून रोज जाणाऱ्या प्रत्येक जीपमध्ये त्या दोन्ही असतात. म्हणून या वेळी मी पाठाची सुरुवात एका गाडीपासून केली.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले सुटे भाग जोडून आपल्या मुलासाठी एक छोटी जीप बनवली. खर्च सुमारे ६० हजार रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीसुद्धा. ही जीप चार चाकांची, पण सुरू व्हायची दुचाकीसारखी किक मारून!

हे सांगताच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग सेल्फच का नाही बसवला?" आजचा लेख या प्रश्नाचं उत्तर आहे.

इंजिनला आधी कोणीतरी फिरवावं लागतं

पेट्रोल किंवा डिझेलचं इंजिन आपलं आपण सुरू होत नाही. हवा आत ओढणं आणि ती दाबणं ही कामं झाल्याशिवाय पहिला स्फोट होत नाही. म्हणजे पहिले काही फेरे बाहेरून द्यावे लागतात. लहान इंजिन पायाच्या जोरावर फिरतं, तिथे किक पुरते. मोठ्या इंजिनाला पूर्वी पुढून लोखंडी हँडल मारत. वर्गातल्या मुलांच्या आजोबांना ते आठवत असेल. हँडल उलटं फिरलं तर हात मोडायचा.

१९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर आणला. त्यांनी हेरलेली गोष्ट साधी होती. ही मोटर दिवसभर चालवायची नाही, दोन-चार सेकंदच चालवायची आहे. मग लहानशा मोटरमधून थोडा वेळ खूप मोठी धारा सोडली तरी ती जळत नाही.

पहिली वाट : बॅटरीतून सेल्फकडे

गाडीच्या बॅटरीत लेड-आम्लाचे सहा घट एकसर जोडलेले असतात. प्रत्येकी साधारण २ व्होल्ट, मिळून १२. सेल्फ मारताना लहान कारची मोटर सुमारे १५० अँपिअर धारा घेते. मुलांना गुणाकार करायला लावा : १२ × १५० = १८०० वॅट. हेडलाइटचा एक बल्ब साधारण ५ अँपिअर घेतो, म्हणजे सेल्फला तीस बल्बांएवढी धारा लागते!

एवढी धारा चावीच्या बारीक स्विचमधून नेली तर स्विच वितळेल. म्हणून मध्ये सोलेनॉइड असतो. चावी फिरवली की थोडीशी धारा त्याच्या वेटोळ्यात जाते, वेटोळं चुंबक बनतं आणि दोन कामं होतात. मोटरचं छोटं दातेरी चाक पुढे सरकून इंजिनच्या मोठ्या चाकात अडकतं आणि जाड तारेचा मोठा संपर्क जुळतो. चावी नुसता हुकूम देते, ताकद बॅटरीतून जाड केबलने थेट मोटरला जाते.

दुसरी वाट : अल्टरनेटरकडून बॅटरीकडे

इंजिन सुरू झालं की पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो. हेच आपलं जनित्र, विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर चालणारं. त्यात तयार होते प्रत्यावर्ती धारा, पण बॅटरी दिष्ट धारेवरच भरते. म्हणून आतले डायोड तिला एका दिशेने वळवतात आणि रेग्युलेटर विभवांतर १४ व्होल्टच्या आसपास ठेवतो. बॅटरीपेक्षा ते थोडं जास्त हवंच. टाकी वर असेल तरच खाली पाणी येतं, तसंच हे.

स्वतः गाडी जोडणारे इथेच एक चूक करतात. डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा ते शोभेचा समजून गाळतात. बऱ्याच अल्टरनेटरमध्ये त्या बल्बमधूनच आतल्या चुंबकाला सुरुवातीची धारा मिळते. बल्ब नसला किंवा उडाला, तर अल्टरनेटर नुसता फिरत राहतो आणि बॅटरी भरतच नाही. चावी लावल्यावर दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. या दोन्ही गोष्टी पाहायच्या.

आता हिशेब

मुलांना विचारा, बॅटरी कशाने जास्त उतरते, सेल्फने की रात्री चालू राहिलेल्या दिव्यांनी? बहुतेक जण सेल्फ म्हणतात.

सेल्फ : १५० अँपिअर × ३ सेकंद = ४५० कूलोम. अँपिअर-तासात मोजलं तर फक्त ०.१२५. अल्टरनेटरने १० अँपिअरने भरलं तर ही उधारी मिनिट-दोन मिनिटांत फिटते.
दिवे : दोन हेडलाइट मिळून १० अँपिअर. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन तासांत रिकामी!

म्हणजे सेल्फ मोठी रक्कम मागतो, पण क्षणभरच. धारा आणि विद्युतप्रभार यांतला फरक मुलांना या हिशेबातून जितका कळतो, तितका व्याख्येतून कळत नाही.

अर्थिंग : न दिसणारी तार

गाडीत बहुतेक ठिकाणी एकच तार दिसते, परतीची वाट म्हणजे गाडीचा सांगाडा. पण इंजिन रबरावर बसवलेलं असतं आणि रबर वीज नेत नाही. म्हणून इंजिन आणि सांगाडा यांच्यात वेगळी जाड पट्टी लागते. बॉडी फायबरची असेल तर दिव्यांनाही परतीची वेगळी तार हवी.

या जोडावर गंज चढून फक्त ०.०२ ओहम रोध वाढला तरी ओहमच्या नियमाने ०.०२ × १५० = ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात. सेल्फ 'टक टक' करतो, आपण बॅटरीला दोष देतो आणि हजारो रुपये घालून नवी आणतो. खराब जोड मात्र तसाच राहतो. मुलचेऱ्याहून आलापल्लीकडे जाताना जंगलात गाडी बंद पडली की आपण ती ढकलून सुरू करतो, पण एकट्या माणसाने काय करायचं? त्यापेक्षा निघण्याआधी पाच मिनिटं तपासलेलं बरं.

तीन मापं

मल्टिमीटर दिष्ट व्होल्टवर ठेवा. धारेच्या खाचेत तार असताना तो बॅटरीला लावू नका, शॉर्ट होईल. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चावी मोठ्या माणसाच्या हातात हवी.

१. रात्रभर उभी गाडी : बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट. १२ च्या आसपास असेल तर बॅटरी उतरली आहे.
२. सेल्फ मारताना : ९.६ च्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरी फारच खाली गेली तर तिची ताकद संपत आली. बॅटरी टिकून असूनही सेल्फ मंद असेल तर केबल, अर्थिंग आणि मग सेल्फ तपासा.
३. इंजिन चालू असताना : १३.८ ते १४.५. आकडा बारावरच अडला तर पट्टा, दिवा किंवा अल्टरनेटर पाहा.

पालकांसाठी

मूल भंगारातून काही जोडत असेल तर ओरडू नका, पण नियम घालून द्या. हातातलं कडं, अंगठी काढायची. बॅटरी सोडवताना ऋण तार आधी, जोडताना शेवटी, म्हणजे पाना सांगाड्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, जवळ आग नको. सेल्फची जाड केबल सोडून बाकी तारांना बॅटरीजवळच फ्यूज हवा. इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडवू नये, अल्टरनेटरचे डायोड जातात. आणि घरी बनवलेली गाडी अंगणात ठीक, रस्त्यावर नाही. नियमात न बसणारी ही गाडी रस्त्यावर अडवली जाईल, हे महिंद्रांनीही लोहारांचं कौतुक करतानाच म्हटलं होतं.

तर मागच्या बाकावरच्या प्रश्नाचं उत्तर काय? सेल्फ बसवणं म्हणजे नुसती एक मोटर बसवणं नाही. मोटरसोबत मोठी बॅटरी, सोलेनॉइड, जाड केबल, पक्कं अर्थिंग आणि उधारी फेडणारं जनित्र, सगळंच आलं. किकने हा सगळा पसारा वाचतो. हे सांगितल्यावर मुलाने स्वतःच वहीत दोन्ही आकृत्या शेजारी काढल्या आणि मधे बॅटरी काढून त्यांना जोडलं. पाठ्यपुस्तकात त्या वेगवेगळ्या आहेत, आता त्याच्या वहीत एक झाल्या.